लाळेतली एमएमपी-८ टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण हिरड्या ठीक दिसतात... मग खरं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाळेतून करायची एमएमपी-८ ची (हिरडी आणि हाडाचा आधार कापणारं, आपल्याच पेशींचं एक एन्झाइम) झटपट टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, पण ब्रश करताना रक्त येत नाही, दुखत नाही, आणि डेंटिस्टने तपासून सांगितलं की पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दाताच्या मधली खाच, जास्तीत जास्त चार मिलिमीटरचे आहेत, फार काळजीचं नाही. सिगारेट चालू आहे, दिवसाला दहा-बारा. खालची एक अक्कलदाढ अर्धीच वर आलीय. तर कुणाचं खरं धरायचं, आणि पुढे दर काही महिन्यांनी हीच टेस्ट करून हिरड्यांच्या आजारावर (दाताभोवतीचं हाड झिजवणारा पेरिओडॉन्टायटिस) लक्ष ठेवता येईल का?

मी हिरड्यांचेच पेशंट बघतो, त्यामुळे हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. पहिल्या भागाचं उत्तर असं की दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजतायत. दुसऱ्या भागाचं उत्तर हो, लक्ष ठेवता येईल, पण डेंटिस्टच्या प्रोबने केलेल्या तपासणीच्या जोडीने, तिच्या बदली नाही, आणि एका रिपोर्टवर तर अजिबातच नाही. आता हे जरा नीट सांगतो.

डेंटिस्ट जो बारीक खुणांचा प्रोब हिरडी आणि दाताच्या मधे घालतो तो साधारण २५ ग्रॅमच्या दाबाने घालायचा असतो, आणि तो सांगतो की आतापर्यंत दाताला धरून ठेवणारा किती आधार (लिगामेंट आणि हाड) गेलाय. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची खूण राहते ना तसं आहे ते, पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं, आत्ता चढतंय की उतरतंय ते खुणेवरून कळत नाही. त्यात प्रोबिंगमधे एखाद मिलिमीटरचा फरक माणसागणिक, हातागणिक पडतोच, म्हणून एकाच जागी दोन मिलिमीटर किंवा जास्त आधार गेलेला दिसला तरच आम्ही छातीठोकपणे म्हणतो की आजार पुढे सरकलाय. एक्सरेचंही तेच, हाडातलं ३० ते ५० टक्के मिनरल गेल्याशिवाय साध्या एक्सरेत काही ठळक दिसतच नाही. म्हणजे आमची दोन्ही नेहमीची हत्यारं झालेलं नुकसान दाखवणारी आहेत, ते होत असतानाच पकडणारी नाहीत.

राहिलं ब्लीडिंग. प्रोबिंग करताना रक्त येणं ही खूण चांगली आहे पण उलट्या बाजूने चांगली आहे. वारंवार तपासूनही एखाद्या जागी रक्त येतच नसेल तर ती जागा बिघडण्याची शक्यता खूप कमी, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. पण रक्त येतंय म्हणजे तिथलं हाड जाणार असं नाही, रक्त येणाऱ्या बहुतेक जागा तशाच राहतात. आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत तर पहिला भरवसाही डळमळीत होतो, कारण हिरड्यांतलं रक्त येणंच दबतं. हिरडी फिकट, घट्ट, छान दिसते आणि खाली हाड खाल्लेलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्याबद्दल बोलताना परत येणार आहे.

मग आत्ता काय चाललंय हे कळायची एवढी गरज का, तर हा आजार सगळ्यांत सारख्या वेगाने पुढे जात नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यातल्या ४८० कामगारांना हिरड्यांच्या आजाराचे संशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून १५ वर्षं तपासलं. या लोकांना दातांची कसली ट्रीटमेंट मिळत नव्हती, ब्रशची सवय नव्हती, सगळ्यांच्या दातांवर भरपूर प्लाक (जंतूंचा चिकट थर) आणि टार्टर (तोच थर कडक झालेला). तरी साधारण ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगाने, आणि ११ टक्के लोकांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण सारखी, निकाल वेगळा. हे १९८६ मधे छापून आलं आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रातला खरा प्रश्न हाच आहे की त्या ८ टक्क्यांतला माणूस आधीच ओळखायचा कसा. प्लाक मोजून तो ओळखता येत नाही, कारण फरक पडतो तो त्या प्लाकला शरीर कसं उत्तर देतं यात, आणि ते उत्तर प्रोटीनच्या रूपात हिरडीतून बाहेर पाझरत असतं. मार्करचा, म्हणजे आजाराची खूण म्हणून मोजायच्या अशा प्रोटीनचा, सगळा खेळ इथून सुरू होतो.

एमएमपी-८ बद्दल जरा सविस्तर, कारण बाकी सगळ्यांपेक्षा हा जास्त कामाचा ठरलाय. पॉकेटमधे जंतू वाढले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, तिकडे धावतात. त्यांच्या पोटात ग्रॅन्यूल्स असतात आणि त्यात हे एन्झाइम आधीच बनवून, पण कुलूप लावून ठेवलेलं असतं. पेशी चवताळली की ग्रॅन्यूल्स बाहेर फेकते, मग तिथलेच ऑक्सिजनचे आक्रमक रेणू, इतर एन्झाइम्स, आणि गंमत म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारख्या जंतूंची स्वतःची प्रोटीएज, हे सगळे मिळून ते कुलूप तोडतात. सुटलेलं एमएमपी-८ करतं काय, तर हिरडी, दाताभोवतीचं लिगामेंट आणि हाड ज्या टाइप १ कोलॅजनवर, म्हणजे दोरीसारख्या मजबूत प्रोटीनवर, उभं असतं त्याचा तीन पदरी दोर एका ठरलेल्या जागी कापतं. एक तुकडा पाऊण, एक पाव. शरीराच्या तापमानाला ते तुकडे आपोआप उलगडतात आणि मग एमएमपी-९ वगैरे बाकीची मंडळी त्यांचा फडशा पाडतात. म्हणजे पहिला घाव एमएमपी-८ चा. जंतू स्वतः आपल्या दाताचा आधार फार कमी खातात, बहुतांश पाडापाडी आपल्याच पेशींच्या हत्यारांनी होते. शरीराकडे याला आवर घालणारं टिम्प-१ नावाचं प्रोटीनही असतं, ते कमी पडलं की तोल जातो.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी रिपोर्ट वाचताना लोकांच्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डेंटिस्टच्याही, ध्यानात येत नाही. निरोगी तोंडातही न्यूट्रोफिल हिरडीच्या खाचेत कायम पहाऱ्यावर असतात, त्यामुळे एमएमपी-८ कधीच शून्य नसतं. कुलूपबंद एमएमपी-८ असणं म्हणजे फक्त पहारेकरी हजर आहेत. कोलॅजन कापणारं ते सुटलेलं, ॲक्टिव्ह रूप. काही लॅब किट दोन्ही मिळून एकूण मोजतात, काही ॲक्टिव्हच मोजतात, आणि अँटिबॉडी वेगळी असली की आकडाही वेगळा येतो. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून बघणं निरर्थक आहे. दोन रिपोर्ट समोर ठेवून "आकडा दुप्पट झाला हो" म्हणून घाबरून येणारे पेशंट मी बघितलेत, आणि किटचं नाव वाचलं तर दोन्ही वेगळे.

बाकीचे मार्कर भरपूर आहेत, यादी करत बसत नाही, मला त्यांच्याबद्दल काय वाटतं एवढंच सांगतो. इंटरल्युकिन-१ बीटा, सुजेचा निरोप देणारं प्रोटीन, चांगला आहे पण नुसत्या जिंजिव्हायटिसमधेही (फक्त हिरडीची सूज, हाड शाबूत) चढतो, म्हणजे सूज आहे एवढं सांगतो, हाड धोक्यात आहे का ते त्याच्यावरून सुटं करता येत नाही. एमएमपी-८ च्या जोडीला तो घेतला तर चित्र जास्त स्पष्ट होतं, हे बरेचदा दिसलंय. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ अल्फा, तेही सुजेचे निरोप्येच, संशोधनाच्या पेपरमधे छान दिसतात, लाळेत मात्र इतके कमी आणि इतके वरखाली की एका माणसाबद्दल बोलायला मला ते नको वाटतात. कॅल्प्रोटेक्टिन, जे आतड्याच्या सुजेसाठी शौचाच्या नमुन्यात मोजतात तेच, न्यूट्रोफिलमधे ठासून भरलेलं असतं म्हणून हिरडीच्या द्रवातही भरपूर मिळतं, याच्याकडून मला आशा आहे. हाडाचं गणित बघायला आरएएनकेएल आणि ओपीजी यांचं प्रमाण कल्पना म्हणून फार सुंदर, एक हाड खाणाऱ्या पेशींना उठवतो, दुसरा त्यालाच अडवतो, पण लाळेत आरएएनकेएल इतकं थोडं असतं की कित्येकदा मोजमापाच्या खालीच राहतं. कोलॅजन तुटल्यावर सुटणारा आयसीटीपी नावाचा तुकडा आहे, तो प्रत्यक्ष मोडतोडीचा अवशेष असल्याने मला आवडतो, पण हे काम अजून तरी संशोधनाच्या लॅबमधलंच. एएसटी नावाचं एन्झाइम, लिव्हरच्या रिपोर्टमधलं ओळखीचं, त्याची खुर्चीशेजारी करायची टेस्ट १९९० च्या दशकात आली होती. पेशी मेल्या की ते सुटतं, पण सुजलेल्या प्रत्येक हिरडीत पेशी मरतातच, त्यामुळे ती सगळीकडेच हो म्हणायची आणि हळूहळू मागे पडली. आणि लाळेतलं हिमोग्लोबिन, यात फार शहाणपण नाही पण मोठ्या गर्दीतून कुणाला तपासायला बोलवायचं ते ठरवायला बरं.

आता नमुना. तुम्ही गुळणी करून दिलीत, म्हणजे अख्ख्या तोंडाची बेरीज दिलीत. तुमच्या टेस्टला हे माहीतच नाही की ते प्रोटीन २८-३० दातांपैकी कुठून आलं. एका जागेचं बघायचं तर हिरडीच्या खाचेतला द्रव, आम्ही त्याला जीसीएफ म्हणतो, तो घ्यावा लागतो. ते असं करतात: तो दात कापसाच्या रोलने बाजूला करायचा, वरचा प्लाक अलगद काढायचा, हलक्या हवेने सुकवायचं, आणि कागदाची अगदी बारीक पट्टी हिरडीच्या कडेशी थोडासा अडथळा लागेपर्यंत सरकवून ३० सेकंद तशीच ठेवायची. तेवढ्यात जो द्रव येतो तो मायक्रोलिटरच्या काही अंशांइतका, डोळ्याला पट्टीचं टोक ओलसर दिसतं एवढंच. पट्टी लगेच पेरिओट्रॉन नावाच्या मशीनच्या दोन पात्यांमधे ठेवून किती द्रव आला ते मोजतात, कारण ती हवेवर ठेवली तर बघता बघता सुकते. पट्टीवर लाल ठिपका दिसला तर फेकून द्यायची, रक्तातले न्यूट्रोफिल आले की आकडा खोटा. आणि हे सगळं प्रोबिंगच्या आधी, नंतर नाही, कारण प्रोब घातला की खाच खवळते. एवढ्या थोड्या द्रवात मोजमापाची जराशी चूकही एकाग्रतेत मोठी दिसते, म्हणून समजदार लोक प्रति मिलिलिटर किती हे न सांगता ३० सेकंदात त्या जागेवरून एकूण किती आलं ते सांगतात. आता हे एकेका दाताला सहा जागी करायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल, म्हणून रोजच्या कामात लाळ किंवा गुळणी.

तुम्ही जी टेस्ट केली असेल ती बहुधा हेलसिंकीचे संशोधक टिमो सोर्सा यांच्या कामातून आलेल्या ॲक्टिव्ह एमएमपी-८ च्या किटसारखी. आधी साध्या पाण्याने चूळ भरून थुंकायची, थोडं थांबायचं, मग शुद्ध पाण्याने अर्धा मिनिट गुळणी, ती पेल्यात घ्यायची, फिल्टरमधून काही थेंब पट्टीच्या डबीवर, आणि पाचेक मिनिटांत रेघ. प्रेग्नन्सी टेस्टसारखंच तंत्र आहे पण एक रेघ नेहमी यायलाच हवी, ती नाही आली तर टेस्ट फुकट, आणि दुसरी आली तर पॉझिटिव्ह. त्या दुसऱ्या रेघेचा उंबरठा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास ठेवलेला असतो. रेघ फिकट आहे की गडद यावर लोक फार चर्चा करतात, पण नुसत्या डोळ्याने ते ठरवू नका, त्यासाठी रीडर मशीन असतं. डोळ्याला फक्त आहे किंवा नाही.

आता तुमचं बघू. टेस्ट पॉझिटिव्ह यायला तुमच्याकडे तीन वाटा दिसतात. एक, ती अर्धवट अक्कलदाढ. तिच्यावरच्या हिरडीच्या टोपीखाली घाण साचून सूज असते, कित्येकदा दुखतही नाही, आणि तिथले न्यूट्रोफिल त्याच गुळणीत उतरतात. तोंडातला व्रण, नुकताच काढलेला दात, नुकतंच झालेलं स्केलिंग (दात खरवडून साफ करणं), गरोदरपणातल्या सुजलेल्या हिरड्या, यांनीही असंच होऊ शकतं. दोन, चार मिलिमीटरचे पॉकेट "फार नाही" हे खरं, पण ते किती जागी आहेत आणि आत किती आधार गेलाय हे सांगितलेलं नाही. हिरडी मागे सरकलेली असेल तर पॉकेट उथळ दिसून आधार बराच गेलेला असू शकतो. तीन, सिगारेट. आणि इथे उलटा विचार करा. सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत एमएमपी-८ कमी मिळाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, रक्तही कमी येतं, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही खुणा दबायला हव्या होत्या. त्यातली एक तरी वर आलीय. मी तुमचा डेंटिस्ट असतो तर "रक्त येत नाही ना, मग सोडा" असं म्हटलं नसतं, आणि टेस्टच्या जोरावर लगेच डीप क्लिनिंगही सुरू केलं नसतं. पूर्ण चार्टिंग केलं असतं, प्रत्येक दाताला सहा जागा, हिरडी कुठे आहे आणि पॉकेट किती दोन्ही लिहून, मागच्या दातांचे एक्सरे, आणि अक्कलदाढेचं काय करायचं तो निर्णय आधी.

अजून एक, ज्याला कुठलंही किट लागत नाही. शिकागोमधे २०१७ ला झालेल्या वर्कशॉपमधे ठरलेली आणि २०१८ मधे छापलेली वर्गवारी आज जगभर वापरतात, त्यात आजार किती झालाय त्याची स्टेज १ ते ४, आणि किती वेगाने जाईल त्याची ग्रेड ए, बी, सी. पेरिओडॉन्टायटिस असलेला माणूस दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेट ओढत असेल तर तो थेट ग्रेड सी मधे जातो, डायबेटिसमधे एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ७ टक्के किंवा वर असेल तरी तेच. प्रोटीन मार्करसाठी त्या वर्गवारीत पुढे जागा ठेवलीय, पण ग्रेड ठरवायला आज वापरतात त्या गोष्टी या. म्हणजे तुमची दहा-बारा सिगारेटची सवय लाळेतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे.

मग टेस्ट चुकते किती? आकडे मी समजुतीसाठी धरतोय, कुठल्या किटचे नाहीत. समजा टेस्ट आजारी शंभरातले ८० पकडते आणि निरोगी शंभरातल्या ९० ना बरोबर सोडते. हजार सामान्य लोकांत १०० जणांना खरा आजार असेल तर ८० पकडले जातील, आणि उरलेल्या ९०० निरोगी लोकांतले ९० उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १७० पॉझिटिव्हमधे निम्म्याहून कमी खरे. आता तीच टेस्ट माझ्याकडे येणाऱ्या हजार पेशंटवर केली, जिथे समजा ७०० ना आजार आहेच, तर ५६० बरोबर पकडले जातील, उगाच पॉझिटिव्ह फक्त ३०, पण निगेटिव्ह आलेल्या ४१० मधे १४० आजारी निसटलेले. टेस्ट तीच, किट तेच, अर्थ पार वेगळा. म्हणून घरी बसून केलेला पॉझिटिव्ह म्हणजे "तपासून घ्या" एवढंच, आणि आधीपासून आजार माहीत असलेल्या माणसाचा निगेटिव्ह म्हणजे सुट्टी नव्हे. ज्यांचे बरेच दात गेलेत त्यांच्यात तर निगेटिव्ह जास्तच फसवा, उरलेल्या चार दातांना मोठे पॉकेट असले तरी बेरीज छोटीच येते.

मॉनिटरिंगला मात्र हे प्रोटीन खरंच उपयोगी पडतात, आणि त्यासाठी मी ते वापरायच्या बाजूचा आहे. कारण तिथे तुलना दुसऱ्यांशी नसते, तुमची तुमच्याशीच असते. ट्रीटमेंटच्या आधी एक रीडिंग घ्यायचं. मग स्केलिंग, रूट प्लेनिंग (दाताची मुळं घासून गुळगुळीत करणं). लगेच परत मोजायचं नाही, तेव्हा ताजी जखम असते आणि न्यूट्रोफिल तिथे असायलाच हवेत. साधारण तीन महिन्यांनी, जेव्हा आम्ही परत प्रोबिंग करतो तेव्हाच त्याच्या आधी. किट तेच, शक्यतो दिवसाची वेळ तीच, आधी तासभर खाणं, ब्रश, सिगारेट नाही. पॉकेट भरलेत, ब्लीडिंग दहा टक्के जागांच्या खाली आलंय आणि एमएमपी-८ पण उतरलंय, तर मी रिकॉल, म्हणजे पुढची तपासणी, सहा महिन्यांवर न्यायला घाबरत नाही. पॉकेट तेवढेच, पण मार्कर उतरलाय, तर थोडा धीर धरतो, कापाकापीची घाई करत नाही. आणि पॉकेट भरल्यासारखे दिसतायत पण मार्कर दोन-तीन वेळा सलग वरच, अशा माणसाला मी तीन महिन्यांच्या वर सोडत नाही आणि कारण शोधतो. बहुतेकदा ते मागच्या दाढेच्या दोन मुळांच्या मधल्या बेचक्यात सापडतं, जिथे ब्रश आणि आमचं इन्स्ट्रुमेंट दोन्ही नीट पोचत नाही, नाहीतर साखर कंट्रोलमधे नसते, नाहीतर सिगारेट. इम्प्लांट असलेल्यांना इम्प्लांटभोवतीच्या द्रवातून हीच टेस्ट करता येते, आणि तिथे प्रोबिंग तसंही अवघड असल्यामुळे तिची किंमत थोडी जास्तच.

मार्कर वर आहे म्हणून कुणी अँटिबायोटिक लिहून देत असेल तर मात्र विचारा कशासाठी. डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा घ्यायची गोळी आहे, अमेरिकेत तिला १९९८ मधे मान्यता मिळाली, ती जंतू मारायला नाहीच, इतक्या कमी डोसमधे ती एमएमपीसारख्या एन्झाइमला दाबते, आणि ती पण स्केलिंगच्या जोडीला. जंतू मारायच्या डोसचा कोर्स फक्त एका रेघेवरून घेण्यासारखा नसतो.

तर आत्ता करायचं ते एवढंच. डेंटिस्टकडे, जमलं तर पेरिओडॉन्टिस्टकडे (हिरड्यांचा स्पेशालिस्ट), पूर्ण चार्टिंग मागून घ्या आणि त्याची कॉपी स्वतःकडे ठेवा, नुसतं "चार मिलिमीटरपर्यंत" हे वाक्य पुरेसं नाही. सिगारेट किती, किती वर्षं, हे तिथे खरं सांगा. साखर तपासलेली नसेल तर तपासा. अक्कलदाढेचा निकाल लागल्यावर जखम भरायला दोनेक महिने जाऊ द्या आणि मग त्याच किटने परत टेस्ट करा. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर चार्टिंगमधले आकडे इथे लिहा, कुठल्या दाताला किती आणि रक्त कुठे आलं ते, मग बघू.